स्तनाचा कर्करोग : संप्रेरके काय करतात आणि जनुके केव्हा जागी होतात

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे नाव कर्करोगाच्या अभ्यासकांना जगभर परिचित आहे, ही गोष्ट आपल्या धर्मग्रामांतील अनेकांना कदाचित ठाऊक नसेल. १९८७ साली येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील गावे तिच्या कक्षेत घेण्यात आली. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहायची नाही, तर आपणच गावोगावी जाऊन विचारपूस करायची, ही तेथील कार्यकर्त्यांची पद्धत होती. खेड्यातील स्त्री आपल्या दुखण्याबद्दल सहसा बोलत नाही, हे ध्यानी घेऊनच ती आखलेली होती.

या नोंदणीतून पुढे आलेली एक गोष्ट विचार करायला लावणारी आहे. सुरुवातीच्या वर्षांत या भागातील स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळला. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र मुंबईच्या मानाने कितीतरी कमी होते. हवा, पाणी, अन्न यांतील फरक आपल्याला चटकन सुचतात. परंतु अभ्यासकांचे लक्ष अधिक करून दुसऱ्याच बाबींकडे गेले. मुलगी वयात केव्हा आली, पहिले बाळंतपण कोणत्या वयात झाले, मुले किती झाली, त्यांना अंगावर किती काळ पाजले, पाळी केव्हा गेली? या साऱ्या प्रश्नांमागे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्त्रीच्या शरीरातील संप्रेरके, अर्थात हॉर्मोन्स. आज चित्र पालटले आहे. २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. देशातील स्त्रियांमध्ये आता हाच कर्करोग अग्रस्थानी आहे. म्हणून त्याची वाढ नेमकी कशी होते, हे समजून घेण्याचा प्रयत्न आपण प्रस्तुत लेखात करणार आहोत.

या संबंधाचा पहिला सुगावा लागला तो धर्मभगिनींमुळे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ सालच्या आवृत्तीत त्यांनी नमूद केले की मठवासी भगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग इतर स्त्रियांपेक्षा अधिक दिसतो. पुढे १८४२ साली दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या व त्यांनाही हेच आढळले. उलट गर्भाशयाचा कर्करोग मात्र भगिनींमध्ये विरळा होता. कारण त्या काळी कोणालाच सांगता आले नाही. व्रतस्थ जीवनाचा हा दोष नव्हे, हे येथे स्पष्ट केलेले बरे. ज्या स्त्रीला मूल झाले नाही, मग ती मठात असो वा संसारात, तिच्या शरीरात मासिक चक्रे अखंड चालू राहतात आणि प्रत्येक चक्रात स्तनातील पेशींना वाढीचा संदेश मिळत राहतो. गरोदरपणात व स्तनपानाच्या काळात ही चक्रे थांबतात, शिवाय दुधाच्या ग्रंथींतील पेशी पक्व होऊन स्थिरावतात. ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की प्रत्येक बाळंतपणामागे स्तनाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे ७ टक्क्यांनी आणि स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे आणखी सुमारे ४.३ टक्क्यांनी घटते. पाळी एक वर्ष लवकर सुरू झाल्यास जोखीम सुमारे ५ टक्क्यांनी वाढते. आपल्या शाळांतून, आश्रमांतून व दवाखान्यांतून सेवा करणाऱ्या सिस्टरांनी स्वतःच्या तपासणीकडे दुर्लक्ष करू नये, हे या माहितीवरून सहज लक्षात येईल. दुसऱ्यांच्या औषधपाण्यात त्यांचे स्वतःचे राहून जाते, हे आम्ही पाहत आलो आहोत.

दुसरा सुगावा लागला स्कॉटलंडमध्ये. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांच्या वाचनात आले होते की गायीचे बीजांडकोश काढले तर ती दीर्घकाळ दूध देत राहते. बीजांडकोशाचा स्तनांवर दुरून अंमल चालतो, हे त्यांनी त्यावरून ताडले. शस्त्रक्रियेनंतरही रोग उलटलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे बीजांडकोश त्यांनी काढले आणि काही महिन्यांत तिच्या गाठी विरघळल्या. १८९६ साली त्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली. ती बाई आणखी काही वर्षे जगली. मात्र इतर शल्यविशारदांनी हाच उपाय केला तेव्हा साधारण तीनपैकी एकाच स्त्रीला गुण आला. दोघींना का नाही? या प्रश्नाचे उत्तर मिळायला साठहून अधिक वर्षे लागली.

ते उत्तर समजण्यासाठी सोलापूरकरांना दूर जाण्याची गरज नाही. आपल्याकडील चादरीचा माग डोळ्यांसमोर आणावा. मागाच्या वर जॅकार्ड बसवलेले असते आणि त्यात भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. कार्डावर जेथे भोक आहे तेथला धागा उचलला जातो, जेथे नाही तेथला खालीच राहतो. माग तोच, सूत तेच. कार्डे बदलली की मोराऐवजी फुले उमटतात. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या केंद्रकात अशा कार्डांचे संपूर्ण भांडार असते. त्यात प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके आहेत. त्वचेच्या पेशीजवळ आणि दुधाच्या ग्रंथीतील पेशीजवळ भांडार एकच. पण त्वचेची पेशी आपल्यापुरती कार्डे मागावर चढवते, दुधाची पेशी आपल्यापुरती. उरलेली गठ्ठा बांधून ठेवलेली असतात. कोणते कार्ड केव्हा चढवायचे, किती वेळ फिरवायचे आणि केव्हा उतरवायचे, या व्यवस्थेला जनुकांचे नियमन म्हणतात. कर्करोग हा बहुतांशी या व्यवस्थेचा बिघाड आहे. काही कार्डांत चुकीची भोके पडतात, हे खरे. पण काही वेळा कार्ड निर्दोष असूनही ते नको तेव्हा फिरत राहते, किंवा हवे तेव्हा गठ्ठ्यातून निघतच नाही.

आता इस्ट्रोजेन हे संप्रेरक म्हणजे बीजांडकोशाने धाडलेली चिठ्ठी, असे समजा. ती रक्तातून साऱ्या शरीरभर फिरते. परंतु चिठ्ठी घेणारा मुकादम ज्या कारखान्यात असेल तेथेच तिचा उपयोग. पेशीतील हा मुकादम म्हणजे ग्राही नावाचे प्रथिन, ज्याला डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. शिकागोचे एलवुड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या काळात इस्ट्रोजेनचा ग्राही शोधून काढला आणि बीटसनच्या कोड्याचा उलगडा झाला. ज्या गाठींत हा ग्राही आहे त्या इस्ट्रोजेनवर पोसतात. ज्यांत तो नाही त्यांना बीजांडकोश असले काय आणि नसले काय, सारखेच.

चिठ्ठी हाती पडताच ग्राहीचा आकार बदलतो. दोन ग्राही जोडीने जनुकांच्या धाग्यावरील ठरावीक खुणेपाशी जाऊन बसतात. तेथे ते मदतनीस प्रथिनांना बोलावून घेतात, घट्ट गुंडाळलेला धागा सैल करवतात आणि मग जनुक वाचले जाऊ लागते. अशा रीतीने जागी होणारी काही जनुके पेशीला विभाजनाची आज्ञा देणारी असतात. सायक्लिन डी१ आणि मिक ही त्यांतली दोन नावे. निरोगी स्तनात ही आज्ञा थोड्या पेशींना व थोडा वेळ मिळते. कर्करोगाच्या गाठीत मात्र ग्राहींची संख्या बेसुमार वाढलेली असते आणि विभाजन थांबवणारे लगाम तुटलेले असतात. प्रत्येक विभाजनात भांडाराची संपूर्ण नक्कल करावी लागते व नक्कल करताना चुका होतात. म्हणून अधिक विभाजन म्हणजे अधिक चुका, असे हे दुष्टचक्र आहे.

येथे एक शंका नेहमी विचारली जाते : पाळी गेल्यावर बीजांडकोश विसावतात, मग साठीतल्या बाईला हा रोग कसा होतो? याचे उत्तर शरीरातील चरबीत आहे. तेथे अरोमॅटेज नावाचे विकर इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करीत राहते. म्हणूनच रजोनिवृत्तीनंतर वाढलेले वजन ही स्तनाच्या कर्करोगाची एक मोठी जोखीम मानली जाते.

हे सारे प्रयोगशाळेपुरते राहिले असते तर त्याचा विस्तार आम्ही येथे केला नसता. परंतु यातूनच एक साधी, स्वस्त गोळी निघाली. १९६२ साली इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन यांनी एक रसायन तयार केले. हेतू संततिप्रतिबंधक औषध शोधण्याचा होता आणि त्या कामी ते निरुपयोगी ठरले. पुढे कळले की हे रसायन खोट्या चिठ्ठीसारखे मुकादमाच्या हाती जाऊन बसते. मुठीत खोटी चिठ्ठी असल्याने खऱ्या इस्ट्रोजेनला जागा उरत नाही, आणि खोट्या चिठ्ठीवर विभाजनाची कार्डे निघत नाहीत. हेच टॅमॉक्सिफेन. ब्रिटनमध्ये १९७३ साली व अमेरिकेत १९७७ साली स्तनाच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. ग्राही असलेल्या गाठींच्या रुग्णांनी ही गोळी पाच वर्षे नियमित घेतली तर पहिल्या पंधरा वर्षांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे अनेक देशांतील चाचण्या एकत्र करून २०११ साली दाखवण्यात आले. काही स्त्रियांना ती दहा वर्षे देणे अधिक हिताचे ठरते. पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारख्या गोळ्याही आहेत. त्या अरोमॅटेजला रोखतात, म्हणजे चिठ्ठी लिहिण्याचा कागदच संपवतात.

आता आपल्याकडील खरी अडचण सांगितली पाहिजे. गाठ काढली, किमोथेरपी झाली, केस पुन्हा आले की घरातील सर्वांनाच वाटते, दुखणे संपले. मग रोजची गोळी मागे पडते. कोणी म्हणते अंगाची आग होते, कोणी म्हणते गोळीने वजन वाढते, कोणाला तालुक्याच्या गावी जायला सोबत मिळत नाही. विडी वळणाऱ्या किंवा शेतात जाणाऱ्या बाईचा एक दिवस मोडणे म्हणजे काय, हे सोलापुरात वेगळे सांगायला नको. परंतु ग्राही असलेला कर्करोग हा धीम्या गतीचा असतो; पाच, दहा, पंधरा वर्षांनीही तो हाडांत वा यकृतात डोके वर काढू शकतो. गोळी त्या दीर्घ काळासाठीच आहे. तिचे दुष्परिणाम खोटे नाहीत. अंग एकाएकी तापणे नेहमीचे आहे. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होते, क्वचित गर्भाशयाच्या अस्तरात विकार उद्भवतो. पाळी गेलेल्या बाईला टॅमॉक्सिफेन घेताना रक्तस्राव झाला तर ते लपवू नये, त्वरित डॉक्टरांना सांगावे. गोळी चालू असताना गर्भधारणा होऊ देऊ नये. मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून ती आपल्या मनाने बंद करणे, हे आमच्या मते या रोगातील सर्वांत महागात पडणारे दुर्लक्ष आहे.

गोळी द्यावी की नाही, हे गाठीच्या तपासणीवरून ठरते. काढलेल्या तुकड्यावर तीन चाचण्या करतात : इस्ट्रोजेनचा ग्राही, प्रोजेस्टेरॉनचा ग्राही आणि हर-२. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही घडवणारे जनुक स्वतःच इस्ट्रोजेनच्या आज्ञेने जागे होते. म्हणून तो सापडला तर पहिला मुकादम केवळ हजर नसून कामावर आहे, असे समजतात. हर-२ या जनुकाच्या काही गाठींत अनेक प्रती झालेल्या असतात. एका कार्डाऐवजी तेच कार्ड वीस वेळा माळेत ओवल्यासारखा हा प्रकार होय. त्यावर ट्रास्टुझुमॅब हे वेगळे औषध आहे, जे १९९८ पासून वापरात आले. तिन्ही चाचण्या नकारार्थी आल्या तर त्या रोगाला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळते. त्यावर गोळीचा उपयोग होत नाही, किमोथेरपीवर अधिक भर द्यावा लागतो. तुकडा वेळेवर व योग्य रीतीने फॉर्मॅलिनमध्ये ठेवला नाही तर असलेला ग्राहीही दिसत नाही आणि बाई एका स्वस्त गोळीला मुकते. गाठ छोट्या दवाखान्यात काढली जाणार असेल, तर तुकडा तपासणीला जाणार ना, एवढे तरी आधी विचारावे.

प्रोजेस्टेरॉनची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिचा मोठा भाग मुंबईत घडला आहे. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टिन अशी जोडगोळी घेणाऱ्या स्त्रियांचा मोठा अभ्यास चालू होता. १६,६०८ स्त्रियांचा सहभाग असलेला हा अभ्यास २००२ साली मध्येच थांबवावा लागला, कारण जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळला. यावरून प्रोजेस्टेरॉन म्हणजे शत्रूच, असे कोणीही म्हणेल. परंतु डॉ. राजेंद्र बडवे यांनी लंडनमधील सहकाऱ्यांसह १९९१ साली एक वेगळेच निरीक्षण मांडले होते. पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या नोंदींत, मासिक चक्राच्या ज्या काळात इस्ट्रोजेन एकटेच असते त्या काळात शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा इतर दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्या अधिक जगल्या होत्या. सगळ्याच अभ्यासांनी याला दुजोरा दिला नाही. तरी त्याच धाग्यावरून टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने एक चाचणी झाली. सुमारे १,००० स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन देण्यात आले. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता फरक निर्णायक नव्हता. पण ज्यांच्या काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचला होता त्यांच्यात पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत ६५.३ टक्के, तर न मिळालेल्यांत ५४.७ टक्के होते. एका गटापुरता दिसलेला लाभ पुन्हा पडताळून पाहावा लागतो, त्यामुळे हे इंजेक्शन सरसकट उपचारात आलेले नाही. आपल्या डॉक्टरांनी ते दिले नाही म्हणून कोणी मनात किंतु धरू नये.

हे संप्रेरक जनुकांपाशी काय करीत असावे, याचा मागोवा नवी मुंबईत खारघर येथील ॲक्ट्रेक या टाटा केंद्राच्या संशोधन संस्थेत अमित दत्त व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २०१७ व २०१८ साली त्यांनी दाखवले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींना प्रोजेस्टेरॉन दिले असता त्यांची पसरण्याची क्षमता मंदावते. एसजीके१ व एनडीआरजी१ ही जनुके त्यामुळे अधिक जागी होतात, आणि त्यांतील दुसरे रोगाच्या फैलावाला आवर घालणारे आहे. आश्चर्य असे की प्रोजेस्टेरॉनचा ग्राही नसलेल्या पेशींतही हा परिणाम दिसला. २०२२ साली त्याच गटाने आणखी एक साखळी उलगडली. पेशीत आरएनएचे असे काही धागे असतात की ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण ते इतर जनुकांवर देखरेख ठेवतात. प्रोजेस्टेरॉन अशा एका लांब धाग्याचे प्रमाण घटवते. तो घटला की त्याने अडकवून ठेवलेला एक सूक्ष्म आरएनए मोकळा होतो, आणि तो सूक्ष्म आरएनए इस्ट्रोजेनच्या ग्राहीचेच जनुक दाबतो. म्हणजे चिठ्ठी न अडवता मुकादमांची भरतीच कमी करण्याचा हा मार्ग आहे. केंब्रिजमधील संशोधकांनीही २०१५ साली दाखवले होते की प्रोजेस्टेरॉनचा ग्राही जागा झाला की तो इस्ट्रोजेनच्या ग्राहीला जनुकांच्या दुसऱ्याच खुणांपाशी घेऊन जातो. तेच संप्रेरक वर्षानुवर्षे इस्ट्रोजेनच्या जोडीने घेतले तर अपाय आणि नेमक्या वेळी एकदाच दिले तर कदाचित उपाय. मात्रा, काळ आणि सोबत यांवर सारे अवलंबून आहे. ‘हॉर्मोन चांगले की वाईट’ असे विचारणाऱ्यांना म्हणूनच एका शब्दात उत्तर देता येत नाही.

अनेक कुटुंबांना छळणारा एक प्रश्न उरतो, तो आनुवंशिकतेचा. १९९४ व १९९५ साली सापडलेली बीआरसीए१ व बीआरसीए२ ही जनुके म्हणजे भांडारातील रफूगार. कार्ड फाटले की ते दुरुस्त करतात. आईकडून किंवा वडिलांकडून यांपैकी एक जनुक सदोष आले तर स्तनाच्या व बीजांडकोशाच्या कर्करोगाची जोखीम पुष्कळ वाढते. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत अशी उघड आनुवंशिकता असलेले थोडेच असतात. काही गाठींत तर बीआरसीए१ निर्दोष असूनही त्यावर रासायनिक मोहोर बसून ते मुके झालेले असते. हा दोष त्या गाठीपुरता असतो. म्हणून आईला रोग झाला एवढ्यावरून मुलीचे लग्न मोडणे हे जितके निर्दयपणाचे तितकेच अज्ञानाचे आहे. घराण्यात दोघी-तिघींना, विशेषतः तरुण वयात, हा रोग झाला असेल तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पुरुषांनाही, शंभरात एखाद्या प्रमाणात, स्तनाचा कर्करोग होतो. छातीवर गाठ दिसल्यास त्यांनीही ती अंगावर काढू नये.

गाठ लवकर सापडण्यासाठी महागडी यंत्रेच लागतात असे नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून १,५१,५३८ स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने एक दीर्घ चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही. स्तनात न दुखणारी गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, बोंडातून रक्तमिश्रित स्राव, काखेत गाठ यांपैकी काहीही आढळल्यास महिना-दोन महिने वाट पाहू नये. सोलापूरचे शासकीय रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे आपल्या आवाक्यातील आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. कोणत्या रुग्णालयात कोणता उपचार त्याखाली मिळतो, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करता येते. तपासणीला जाताना शिधापत्रिका, ओळखपत्र आणि आधीचे सर्व कागद एका पिशवीत न्यावेत, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर ग्राहींचा अहवाल त्यांत आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. नसेल तर जेथे गाठ काढली तेथे तुकड्याचा मेणात बसवलेला ठोकळा मागावा. तो बहुधा जपून ठेवलेला असतो आणि त्यावरून ही चाचणी नंतरही करता येते.